शीख फौज टेबलावर उभी करायचीय? फिगर निवडण्यापासून व्हार्निशपर्यंत सगळं सविस्तर

वॉरगेमिंग म्हणजे सैनिकांच्या छोट्या फिगर रंगवून टेबलावर जुन्या लढाया खेळायचा छंद, आणि त्यात शीख फौज करायची ठरवली की बहुतेक जण आधी सगळ्यात देखणी फिगर शोधतात, आणि ती हमखास अकालीचीच (शिखांमधला लढवय्या धार्मिक पंथ) निघते, उंच निळी पगडी, पगडीवर पोलादी चक्रं, एका हातात ढाल, दुसऱ्या हातात तलवार. मग तशाच तीस-चाळीस मागवायच्या, सगळ्यांना निळा रंग द्यायचा, झाली शीख आर्मी. फिगर सुंदर असते यात वादच नाही, पण खालसा फौज, म्हणजे शीख राज्याची फौज, अशी नव्हती. १८४५ साली सतलज ओलांडून आलेल्या फौजेचा कणा म्हणजे लाल कोट घातलेली, संगीन लावलेली, कवायती पायदळाची पलटण आणि तिच्यामागे उभ्या लाहोरच्या तोफा. अकाली त्यात होते, शूर होते, पण थोडे होते. टेबलावर नुसते अकाली ठेवले तर आशियातल्या एका अत्यंत आधुनिक फौजेला आपण नकळत टोळी करून टाकतो, आणि मला हे मनापासून खटकतं. म्हणून या लेखात रंगाइतकंच कुठल्या साली कोण काय घालत होतं आणि हातात काय धरत होतं यावरही लिहिलंय.

आधी साल ठरवा, मग पैसे काढा

कलोनियल, म्हणजे वसाहतकाळातल्या लढायांच्या वॉरगेमिंगमध्ये शीख तीन वेगवेगळ्या रूपांत येतात आणि तिन्हींच्या फिगर एकमेकांत चालत नाहीत.

पहिलं रूप लाहोर दरबाराच्या, म्हणजे रणजितसिंहांनी उभ्या केलेल्या शीख राज्याच्या फौजेचं, म्हणजे पहिलं इंग्रज-शीख युद्ध १८४५-४६ आणि दुसरं १८४८-४९. मुदकी (१८ डिसेंबर १८४५), फिरोजशहा (२१-२२ डिसेंबर), अलिवाल (२८ जानेवारी १८४६), सोबराव (१० फेब्रुवारी १८४६), मग दुसऱ्या युद्धात रामनगर, चिलियनवाला (१३ जानेवारी १८४९) आणि शेवटी गुजरात, २१ फेब्रुवारी १८४९. हे गुजरात म्हणजे पंजाबातलं चिनाबजवळचं गाव, आपल्या शेजारचं राज्य नव्हे, नकाशा छापताना लक्षात असू द्या.

दुसरं रूप १८५७ पासून दुसऱ्या अफगाण युद्धापर्यंतचं (१८७८-८०), यात शीख ब्रिटिशांच्या बाजूने आहेत. फिरोजपूर आणि लुधियाना या दोन शीख रेजिमेंट्स पहिल्या युद्धानंतर लगेच १८४६ मध्येच उभ्या केल्या गेल्या, कालपर्यंत समोर उभे असलेले लोक आता त्याच सैन्यात.

तिसरं रूप १८९७ च्या वायव्य सरहद्दीचं, खाकी, पट्ट्या गुंडाळलेले पाय, आणि सारागढीच्या चौकीची लढाई.

बंदूक बघितली की फिगर कुठल्या काळातली ते लगेच कळतं, कारण शिल्पकार कपड्यात कधी कधी ढिलाई करतो पण बंदूक सहसा नीट करतो. १८४५ च्या कवायती शिपायाकडे लाहोरला बनलेली चकमकीची मस्केट, ईस्ट इंडिया कंपनीच्या मस्केटच्या धर्तीची. त्याच फौजेतल्या बिनकवायती माणसाकडे तोड्याची (पेटत्या वातीने उडवायची) बंदूक, लांब नळी आणि बाकदार दस्ता. १८७८-८० मध्ये हिंदी पलटणींकडे स्नायडर होती. १८९७ मध्ये हिंदी शिपायाकडे एका वेळी एकच गोळी भरायची मार्टिनी-हेन्री आणि त्याच्या शेजारच्या गोऱ्या शिपायाकडे मॅगझिनवाली ली-मेटफर्ड, कारण १८५७ नंतर हिंदी सैनिकाला मुद्दाम एक पिढी जुनं हत्यार द्यायचं धोरण होतं. त्यामुळे सारागढीसाठी घेतलेल्या शिखाच्या हातात मॅगझिनवाली रायफल दिसली तर ती फिगर बाजूला ठेवा, पहिल्या महायुद्धाला चालेल.

लाहोरच्या फौजेत कोण कोण होतं

हा भाग सगळ्यात समृद्ध आहे म्हणून इथे जरा थांबतो. रणजितसिंहांनी १७९९ मध्ये लाहोर घेतलं, १८०१ मध्ये ते महाराजा झाले, आणि त्यांनी फौज कवायती का केली यात आपला मराठी माणूस पण येतो. १८०५ मध्ये यशवंतराव होळकर इंग्रज सेनापती लेकच्या फौजेला मागे ठेवत पंजाबात अमृतसरपर्यंत गेले होते, मदत मागितली, ती मिळाली नाही आणि डिसेंबरमध्ये बियासच्या काठी तह झाला. पण कंपनीची कवायती फौज काय चीज आहे ते या निमित्ताने रणजितसिंहांच्या दारापर्यंत आलं. पुढे १८२२ मध्ये नेपोलियनच्या सैन्यात काम केलेले व्हेंतुरा आणि अलार लाहोरला आले आणि फौज-ए-खास, म्हणजे खास कवायती फौज तयार झाली, व्हेंतुराकडे पायदळ, अलारकडे घोडदळ, नंतर आलेल्या कूरकडे तोफखान्याचं काम.

या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या फिगर फार मोहक असतात, पण अलार १८३९ मध्येच वारला, व्हेंतुरा आणि अव्हिताबिले १८४३ मध्ये निघून गेले, आणि १८४५ पर्यंत ही जुनी मंडळी जवळपास संपली होती. फिरोजशहाच्या टेबलावर व्हेंतुरा ठेवू नका. १८२३ ची नौशेरा किंवा १८३७ चं जमरूद खेळणार असाल, म्हणजे अकाली फुलासिंह किंवा हरिसिंह नलवा यांच्या शेवटच्या लढाया, तर समोर अफगाण ठेवा आणि तेव्हा युरोपियन अधिकारी जरूर घ्या.

फौजेचे घटक रंगकामाच्या दृष्टीने असे समजून घ्या.

कवायती पायदळ: लाल कोट, कॉलर आणि बाह्यांना रेजिमेंटचा वेगळा रंग, पांढरी किंवा निळी पॅन्ट, डोक्याला पगडी, तिचा रंगही पलटणीनुसार वेगळा. त्या काळच्या युरोपियन पाहुण्यांच्या वर्णनात क्रॉसबेल्ट काळ्या चामड्याचे आहेत. आपला हात सवयीने पांढऱ्याकडे जातो कारण ब्रिटिश फिगर तशा रंगवलेल्या असतात, पण काळा पट्टा दिला की लांबूनसुद्धा ही वेगळी फौज आहे हे कळतं, आणि टेबलावर याची फार गरज असते कारण दोन्ही बाजूंना लाल कोट आहेत.

गोरखा पलटणी: लाहोरच्या फौजेतही गोरखे होते, हिरवे कोट, एक पलटण ठेवलीत तर लाल रांगेत मस्त फरक पडतो. शिवाय फौजेत पंजाबी मुसलमान, डोगरे, पूरबिये (अवध-बिहारकडचे) सगळेच होते, तोफखान्यात तर मुसलमान गोलंदाज आणि अधिकारी पहिल्यापासून, इलाहीबख्श हे त्यातलं मोठं नाव. म्हणजे प्रत्येक डोक्यावर एकसारखी पगडी आणि प्रत्येक चेहऱ्याला लांब दाढी हवीच असं नाही. दुसऱ्या रेंजमधली (फिगरच्या मालिकेतली) थोडी हिंदुस्थानी डोकी मिसळली तर ते इतिहासाला धरूनच होईल.

घोडचढे: बिनकवायती घोडेस्वार, बहुतेक सरदार घराण्यातले, स्वतःच्या घोड्यावर, स्वतःच्या कपड्यात. जाळीचं चिलखत, टोप, ढाल, भाला, तलवार, तोड्याची बंदूक, खाली पिवळं-लाल-हिरवं रेशीम. शिखांच्या काही टोपांना वरती केसांच्या जुड्यासाठी फुगवटा असतो, तशी फिगर दिसली तर जरूर घ्या, दुसऱ्या कुठल्या फौजेत ती बसत नाही.

अकाली: वर म्हटलं तसे थोडे. दहा-बारा पुरेत.

तोफा आणि जंबुरे: तोफ नसेल तर खालसा फौज अपुरी आहे, यावर मी तडजोड करणार नाही. एक तोफ, पाच गोलंदाज हा किमान सेट. उंटावरच्या छोट्या तोफा म्हणजे जंबुरे, त्या टेबलावर शोभून दिसतात, जमलं तर घ्या.

कुठली साइज, कुठून, किती

२८ एमएम (फिगरची साधारण उंची) सगळ्यात सोपी, चेहरा रंगवता येतो, पगडीच्या घड्या दिसतात. सोबरावसारखी मोठी लढाई पूर्ण खेळायची असेल तर १५ किंवा १० एमएम घ्या, तिथे पलटण एक रंगाचा पट्टा म्हणून दिसते आणि ते दृश्यही भारी असतं. पहिल्यांदाच करत असाल तर २८ एमएमवर शिका.

इंग्रज-शीख युद्धांसाठी स्टुडिओ मिनिएचर्सची शीख वॉर्सची रेंज प्रसिद्ध आहे. १८५७ च्या शिखांसाठी फाउंड्रीची जुनी रेंज बघा, शिल्पकाम अजूनही टिकून आहे. १८७८ पासून पुढे ओल्ड ग्लोरी आणि आर्टिझन या दोघांच्या नॉर्थवेस्ट फ्रंटियर रेंजेस आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या २८ एमएम फिगरची उंची आणि डोक्याचा आकार जुळत नाही, एका पलटणीत एकाच कंपनीच्या घ्या, दुसरी पलटण दुसऱ्या कंपनीची असली तरी टेबलावर कुणाच्या लक्षात येत नाही.

भारतात मागवताना धातूच्या फिगरचं वजन पोस्टेजमध्ये लागतं आणि वर कस्टम ड्युटी लागू शकते, त्यामुळे दोघा-तिघांनी मिळून एकच ऑर्डर टाका, किंवा परदेशातून कुणी नातेवाईक येत असेल तर त्याच्या बॅगेत. आता ३डी प्रिंटचाही पर्याय आहे, फाइल विकत घ्यायची आणि पुणे-मुंबईत रेझिन प्रिंटिंग करणारे आहेत त्यांच्याकडून प्रिंट करून घ्यायची. रेझिनला डिटेल सुंदर येतं पण तलवारी आणि संगिनी कडकन मोडतात, म्हणून प्रिंट करणाऱ्याला जरा लवचीक रेझिन मिसळायला सांगा.

जुन्या सेकंड हँड फिगर मिळाल्या तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. घासताना ओल्या कागदावर घासा, पूड उडू देऊ नका, हात धुवा, जेवायच्या टेबलावर हे काम नको, आणि लहान मुलांपासून लांब.

किती घ्यायच्या हे रूल्सवर अवलंबून. बऱ्याच कलोनियल रूल्समध्ये पायदळाचं युनिट साधारण २० चं आणि घोडदळाचं १२ चं असतं, म्हणून माझा सल्ला असा: दोन पलटणी कवायती पायदळ म्हणजे ४०, एक तोफ आणि ५ गोलंदाज, १० अकाली, १२ घोडचढे, एक सरदार. ही पूर्ण खेळता येण्यासारखी फौज झाली. एवढं जड वाटत असेल तर सरळ सारागढी करा. १२ सप्टेंबर १८९७ ला समाना डोंगररांगेवर ३६व्या शीख पलटणीचे हवालदार ईशरसिंह आणि त्यांच्यासह एकूण २१ जण, बास, २१ फिगर. संपणारा प्रोजेक्ट आहे, आणि नवीन माणसाला प्रोजेक्ट संपवणं फार महत्त्वाचं असतं.

साफसफाई, चिकटवणं, प्रायमर

फिगर आली की साच्याची रेघ शोधा, ती बहुतेक खांद्यावरून पगडीच्या मधोमध जाते आणि पगडीवर राहिली तर शेवटपर्यंत डोळ्यात खुपते. बारीक कानस किंवा ब्लेडच्या पाठीने हळूहळू काढा, पगडीच्या घड्यांच्या दिशेने घासा, आडवं घासलं तर घडीच सपाट होते. मग भांड्याच्या साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा, साच्यातलं तेलकट पावडर निघालं पाहिजे, नाहीतर रंग सोलून निघतो.

भाला धातूचा असेल तर तो वाकतोच, म्हणून मी नेहमी कापून त्या जागी स्टीलची तार लावतो. मुठीला बारीक ड्रिलने भोक पाडायचं, तार घालायची, फेविक्विकचा थेंब. भेगा बुजवायला एम-सील चालतं, घोड्याच्या पोटाच्या जोडाला तर उत्तमच, पण पगडीची घडी किंवा दाढी नव्याने बनवायची असेल तर ते जाडं पडतं, तिथे मॉडेलिंगची हिरवी पुट्टी घ्या.

प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) स्प्रे करताना हवामान बघा, कोकणात-मुंबईत राहणाऱ्यांसाठी ही गोष्ट अर्धी लढाई आहे. जून ते सप्टेंबर हवेत एवढी आर्द्रता असते की स्प्रे फिगरवर पोहोचेपर्यंत वाळूसारखा खरखरीत होतो किंवा पांढरट धुकं धरतो. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर वापरा, दोन पातळ हात, मध्ये पूर्ण रात्र. कोरड्या दिवसात सकाळी उशिरा, सावलीत, साधारण वीतभर अंतरावरून, छोटे छोटे फवारे. रंग कुठला? लाल कोटवाल्यांना तपकिरी-लालसर किंवा करडा, खाकीवाल्यांना तपकिरी, अकालींना काळा. काळ्यावर थोडासा पांढरा वरून तिरका फवारला तर उजेड कुठून येतो ते आधीच दिसतं आणि पुढचं काम निम्मं होतं.

रंग: आधी चेहरा

मी चेहरा आधी करतो, कारण चेहरा जमला की बाकी फिगर रंगवायची इच्छा होते. पंजाबी शेतकऱ्याचा उन्हात रापलेला गव्हाळ रंग पाहिजे, बाजारातल्या फ्लेश नावाच्या बाटल्या गुलाबी असतात, त्या थेट वापरू नका. व्हॅलेहो कंपनीच्या फ्लॅट अर्थसारख्या तपकिरीचा बेस, त्यावर सिटाडेल कंपनीच्या रेकलँड फ्लेशशेडसारखा लालसर वॉश (खोबणीत साचून सावली देणारा पातळ रंग), वाळल्यावर बेसमध्ये थोडा गेरू-पिवळा मिसळून नाक, गालाची हाडं, कपाळ, बोटांची पेरं. शेवटचा हायलाइट (उजेड पडल्यासारखा फिकट रंग) त्यातच किंचित फिकट फ्लेश टाकून, फक्त नाकाच्या शेंड्यावर आणि गालावर. पलटणीतल्या तीन-चार जणांना थोडा गोरा, तीन-चार जणांना थोडा सावळा रंग द्या, रांगेत लगेच जीव येतो. डोळे २८ एमएममध्ये पांढरे करायच्या भानगडीत पडू नका, वॉशची सावली पुरे, नाहीतर सगळे दचकलेले दिसतात.

दाढीला शुद्ध काळा नको. गडद करड्यात थोडा तपकिरी, वर फिकट करड्याच्या केसासारख्या बारीक रेषा, मुळापासून टोकाकडे. फौजेत पोरं होती तसे पांढऱ्या दाढीचे म्हातारेही होते, दहातल्या एकाला पूर्ण पांढरी आणि दोघांना मिशीपाशी पांढरट दाढी द्या. पांढरी दाढी रंगवताना सुरुवात फिकट करड्यापासून, मग ऑफ व्हाइट, शुद्ध पांढरा फक्त टोकाला. मनगटावर कडं कोरलेलं असेल तर पोलादी रंगाची एक रेघ, नसेल तर स्वतः काढा. आणि वेगवेगळ्या रेंजमधले हात जोडून फिगर बदलत असाल तर शिखाच्या हातात चिलीम किंवा हुक्का देऊ नका, तंबाखू त्यांच्या धर्मात वर्ज्य आहे आणि बघणाऱ्या शीख माणसाला ते योग्यच टोचेल.

पगडी

अख्ख्या फौजेचा जीव पगडीत आहे, इथे घाई नको.

घड्या कुठून निघतात ते आधी बघा. पायदळाच्या पगडीत घड्या दोन्ही बाजूंनी तिरक्या येऊन कपाळाच्या वर भेटतात. ब्रश त्या तिरक्या दिशेनेच चालला पाहिजे, आडवा नाही. बेस रंग निवडताना हव्या त्या रंगापेक्षा एक पायरी गडद घ्या, दोन पातळ हात. मग त्याच रंगाचा गडद वॉश, खोबणीत थांबेल एवढाच, वर साचू देऊ नका, साचला तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या. वाळल्यावर मूळ रंग परत घड्यांच्या फुगीर भागावर, खोबण मोकळी सोडून. मग हायलाइट, एका घडीवर एक रेघ, मधोमध जाड आणि टोकाला बारीक होत गेलेली. शेवटची सगळ्यात फिकट रेघ फक्त वरच्या दोन-तीन घड्यांना.

पिवळ्या पगडीला सावली तपकिरीची द्या, काळ्याची दिली की पिवळा हिरवट आणि मळका होतो. लाल पगडीला हायलाइट नारिंगी मिसळून, पांढरा मिसळला की गुलाबी होते. पांढऱ्या पगडीला बेस उबदार करडा, पांढरा फक्त शेवटी. काही फिगरवर कपाळाशी आतल्या पटक्याचा छोटा त्रिकोण कोरलेला असतो, त्याला विरुद्ध रंग द्या, निळ्या पगडीखाली पिवळा, खाकीखाली लाल, तीन फुटांवरून दिसतं.

वेळ कमी असेल तर पांढरट प्रायमरवर एकच कॉन्ट्रास्ट रंग, तो आपोआप खोबणीत जातो, घड्या उठून दिसतात. पूर्ण पलटणीला हे चालतं, सरदाराला मात्र वेळ द्या.

लाल कोट, निळे अकाली, रेशमी घोडचढे, खाकी

लाल कोटाला बेस गडद तपकिरी-लाल, त्यावर मुख्य लाल घड्या सोडून, मग लालमध्ये नारिंगी टाकून खांदे, कोपर आणि कडा. तपकिरी वॉश मध्ये एकदा. काळ्या क्रॉसबेल्टला आधी काळा, मग कडेला गडद करड्याची एक रेघ, ती रेघ नसेल तर पट्टा छातीवरचं भोक वाटतो. ब्रिटिश बाजू पण रंगवत असाल तर त्यांचा लाल जरा वेगळ्या बाटलीतला घ्या, आणि त्यांच्या टोप्यांवर पांढरी कव्हरं द्या, दोन्ही फौजा एकमेकांत मिसळल्या तरी ओळखू येतात.

अकालींच्या निळ्यासाठी व्हॅलेहोचा डार्क प्रशियन ब्लू चांगला बेस आहे, त्यात थोडा काळा घालून सावली, आणि हायलाइटला पांढऱ्याऐवजी मध्यम निळा-करडा. कापड सुती आहे, रोज वापरलेलं आहे, त्यामुळे गुडघे-खांद्यांवर रंग थोडा उडालेला दाखवा, चकचकीत निळा नको. चक्रं करताना आधी काळा, मग गडद पोलादी, काळा वॉश, आणि बाहेरच्या कडेला चांदीची बारीक रेघ कारण धार तिथेच असते. पगडीवर पाच चक्रं असतील तर पाचही वेगळी दिसली पाहिजेत, मधल्या फटीत काळा राहू द्या.

घोडचढ्यांत मजा आहे. कुठलेही दोन एकसारखे नकोत. रेशमाला कापडापेक्षा कडक हायलाइट लागतो, सावलीतून थेट फिकट रंगावर उडी मारा, मधली पायरी कमी ठेवा, तेव्हा चमक येते. जाळीच्या चिलखताला काळा बेस, पोलादी ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने नुसत्या उंचवट्यांवर रंग), तपकिरी वॉश, परत अगदी हलका चांदीचा ड्रायब्रश. ढाल काळी चामड्याची, मधल्या चार फुल्या पितळी. घोडे आधी पूर्ण करा आणि स्वार वेगळे रंगवून मग चिकटवा, नाहीतर खोगिराच्या आतला भाग कधीच नीट होत नाही.

सोबरावला सरदार शामसिंह अटारीवाला पांढरे कपडे, पांढरी दाढी आणि पांढऱ्या घोड्यावर लढत पडले असं परंपरा सांगते. ही एक फिगर माझ्या मते प्रत्येक खालसा फौजेत असावी. पांढऱ्यावर पांढरं वेगळं दिसावं म्हणून घोड्याची सावली निळसर करडी, कपड्यांची पिवळसर आणि दाढीची तपकिरी-करडी ठेवा. समोर इंग्रज सेनापती गफ ठेवणार असाल तर त्याचाही लढाईतला कोट पांढराच होता, दोघे सेनापती पांढऱ्यात, टेबल फार देखणं दिसतं.

१८९७ च्या खाकीला व्हॅलेहोचे खाकी आणि इंग्लिश युनिफॉर्म दोन्ही आलटून पालटून घ्या, धुऊन धुऊन प्रत्येकाचं खाकी वेगळं झालेलं असतं. पगडी खाकी, काही शीख रेजिमेंट्सच्या पगडीवर पोलादी चक्राचं चिन्ह असायचं. ३६व्या शीख पलटणीचा रेजिमेंटचा रंग पिवळा, पण तो परेडच्या कपड्यावरचा, डोंगरात लढताना नाही. खाकी फिगर सपाट दिसते म्हणून चामडं, बंदुकीचं लाकूड आणि चेहरा यांना जास्त कॉन्ट्रास्ट द्या.

तोफ आणि निशाण

लाहोरच्या तोफा पितळी, नक्षीकाम आणि फारसी अक्षरं कोरलेल्या, गाड्यांच्या लाकडावरही धातूचं काम. पितळी बेस, अ‍ॅग्रॅक्स अर्थशेडसारखा तपकिरी वॉश, मग सोनेरी रंगाने तोंडाची कड आणि नक्षी. तोंडाच्या आत काळा. अक्षरं लिहायचा प्रयत्न नको, दोन-तीन नागमोडी बारीक रेघा पुरतात. गाडी लाकडी तपकिरी ठेवा, इंग्रजांच्या तोफगाड्यांना करडा द्या, फरक लगेच कळतो.

निशाणाबाबत एक गोष्ट महत्त्वाची आहे. आज गुरुद्वारावर दिसणारं खंडा, चक्र आणि दोन किरपाणींचं चिन्ह या ठरलेल्या रूपात नंतरचं, विसाव्या शतकातलं. १८४५ च्या टेबलासाठी ढाल, तलवार, कट्यार असलेलं पिवळं, केशरी किंवा लाल निशाण जास्त योग्य. कागदावर प्रिंट काढून, दोन्ही बाजू फेविकॉलने चिकटवून, ओलं असतानाच पेन्सिलीवर गुंडाळून लाट द्या. कडेचा पांढरा कागद रंगवायला विसरू नका, आणि प्रिंटवरच दोन-चार हायलाइट मारले की छापील वाटत नाही.

बेस, व्हार्निश, ठेवणं

पहिल्या युद्धाच्या लढाया डिसेंबर ते फेब्रुवारी, सतलजच्या पट्ट्यात. फिकट पिवळसर धूळ, झाऊची झुडपं, बाभळी, सुकलेलं गवत. इंग्लंडच्या लेखांत बेसवर (फिगरखालच्या चकतीवर) दिसणारं हिरवंगार गवत इथे नको. फेविकॉलवर चाळलेली नदीची वाळू, ती गडद मातकट रंगवून फिकट पिवळसर ड्रायब्रश, वर सुक्या गवताचे एक-दोन गुच्छ. अलिवालच्या सपाट मैदानात थोडं गवत चालेल, चिलियनवालाला झुडपं भरपूर. समाना रेंजसाठी करड्या दगडाचे तुकडे, झाडाची साल तोडून कडा केल्या तर फार खरी दिसते. चौकीची भिंत थर्माकोलची केलीत तर आधी फेविकॉल आणि टिश्यूचा थर द्या, कारण स्प्रे रंग थर्माकोल खातो.

व्हार्निश दोन थर, आधी ग्लॉस, तो पक्का वाळला की मॅट. ग्लॉस संरक्षण देतो, मॅट चमक मारतो. चक्रं, तलवारी आणि तोफ यांवर शेवटी ब्रशने परत थोडा ग्लॉस. पावसाळ्यात स्प्रे मॅट पांढरं पडतं, तेव्हा ब्रशचंच. बेसखाली पातळ चुंबकी शीट आणि डब्याच्या तळाला पत्रा, रिक्षाने नेलं तरी संगिनी सुरक्षित. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

टेबलावर त्यांना योग्य मान द्या

रूल्समध्ये या फौजेला नेटिव्ह म्हणून ढिली, पळकुटी रेटिंग दिलेली दिसली तर बदला. कवायती पायदळाला कंपनीच्या शिपायाच्या बरोबरीची किंवा एक पायरी वर रेटिंग, तोफखान्याला पहिल्या दर्जाची, कारण शिखांच्या तोफा अनेकदा इंग्रजांच्या मैदानी तोफांपेक्षा वजनदार होत्या आणि गोलंदाज तोफ सोडून हलत नसत. कमकुवत बाजू नेतृत्वाची ठेवा, सेनापती लालसिंह आणि तेजसिंह यांच्यासाठी एखादा नियम करा, उदाहरणार्थ सेनापतीचा हुकूम फाशावर ठरतो आणि राखीव पलटणी कधी येतच नाहीत. फिरोजशहाची दुसरी सकाळ अशीच गेली, तेजसिंहाची ताजी फौज आली आणि परत फिरली.

सारागढी खेळताना चौकी पडणार हे आधीच माहीत असतं, म्हणून जिंकणं-हरणं वेळेवर मोजा, किती टर्न टिकली. एक फिगर हेलिओग्राफवर (आरशाने उन्हाची चमक पाडून संदेश पाठवायचं यंत्र) ठेवा, चौकीचे संदेश पाठवणारे शिपाई गुरमुखसिंह यांची. ती संदेश पाठवत आहे तोवर लॉकहार्ट किल्ल्याला बातमी जाते, आणि बंदूक उचलायची परवानगी मागितली की बातमी बंद, बचावाला एक रायफल जास्त. समोर ओरकझई आणि आफ्रिदी या पठाण टोळ्या मिळून साठ-सत्तर फिगर, पडलेल्या परत मागून आणायच्या.

आणि खालसा फौज उभी राहिली की समोर कोण ठेवायचं हे ठरवताना बहुतेक जण कंपनीच्या बंगाल आर्मीकडे जातात. आपल्याकडच्या लोकांना मी मुलतान सुचवेन. १८४८ च्या शेवटी बॉम्बे आर्मीचा कॉलम सिंधमार्गे तिथे पोहोचला, २ जानेवारी १८४९ ला शहर घेतलं, २२ जानेवारीला मुलतानचा दिवाण मूलराज याने किल्ला सोडला, आणि मग हाच कॉलम गुजरातच्या लढाईला गेला. त्यात ३री बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री होती, पुढे तीच १०३वी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि आज ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. २० फिगरची एक पलटण, शिडी घेतलेले चार-पाच जण, आणि तटाला पडलेलं एक खिंडार, एवढ्यात मुलतानचा पूर्ण गेम होतो. शीख बाजूला इथे कवायती पलटण एकच ठेवा, बाकी तोड्याच्या बंदुकीवाले, कारण मूलराजची फौज लाहोरसारखी एकसंध नव्हती.